सात वाजून वीस मिनिटं

शर्यत पाच मिनिटांत सुरू होईल, असं माइकवरच्या माणसाने तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मावशीने पुन्हा मनगटावरचं घड्याळ बघितलं. पहिल्यांदा त्याने हे सांगितलं तेव्हा सातला दहा कमी होते. आता सात वाजले होते, आणि त्याची पाच मिनिटं मारुतीच्या शेपटासारखी लांबतच चालली होती. प्रमुख पाहुणे निघालेत, रस्त्यात आहेत, आलेच म्हणून समजा, असं तो मोठ्या गोड आवाजात सांगत होता. पाहुण्यांनी निशाण हलवल्याशिवाय कुणी पळायचं नाही, अशी पद्धत. चारशे माणसं दोरीच्या आत कोंडून उभी होती आणि निशाण हलवणारा हात बहुधा अजून घरी दाढी करत होता.

बाकीच्यांचं काही अडत नव्हतं. कुणी पाय ताणत होतं, कुणी एकमेकांचे फोटो काढत होतं, एका गृहस्थाने तर फुटपाथवर बसून सँडविच सोडलं होतं. उशीर झाला तर झाला, रविवारच आहे, असा सगळा मामला. मावशीचं तसं नव्हतं. इथून बरोबर दोन किलोमीटरवर, स्टेशनरीच्या दुकानासमोरच्या वळणावर, तिची नऊ वर्षांची भाची उभी होती. तिला सांगितलं होतं, सात वाजून वीस मिनिटांनी मी तुझ्यासमोरून पळत जाईन.

आता कुणी म्हणेल, दहा-वीस मिनिटं इकडे तिकडे झाली म्हणून काय आभाळ कोसळतं? या घरात कोसळायचं. ते का, हे सांगायला हवं.

मुलीला सगळे ठमी म्हणत. नाव आईनेच पाडलेलं. बाप दुसरा संसार थाटून कधीच निघून गेला होता, त्यामुळे जे काही होतं ते आई आणि ठमी. सात महिन्यांपूर्वी आई तिला घेऊन शाळेची पुस्तकं आणायला गेली होती. दुकानात गर्दी होती. ठमीला बाकावर बसवून, समोरून सुटे पैसे घेऊन येते, दोन मिनिटांत आले, असं म्हणून आई रस्ता ओलांडायला गेली आणि एका टेम्पोखाली सापडली. ठमीला बाकावरून ते दिसलं नाही. तिला फक्त गर्दी दिसली. पुढचे तीन तास दुकानदारापासून पोलिसांपर्यंत प्रत्येक भला माणूस तिला सांगत राहिला की आई येतेय, जरा उशीर होईल. चांगुलपणानेच सांगत होते सगळे. शेवटी मावशी पोचली.

तेव्हापासून ठमी मावशीकडे होती. रडायची नाही, हट्ट करायची नाही, पानात पडेल ते खायची आणि ताट उचलून ठेवायची. पाहुण्यासारखी राहायची पोर. मावशीला त्याचीच जास्त भीती वाटायची. फक्त कुणी घराबाहेर निघालं की ठमी दारापर्यंत यायची आणि विचारायची, "किती वाजता येणार?" मग माणूस जिन्याच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत तिची नजर पाठीला चिकटलेली असायची.

अशा मुलांसाठी एक केंद्र होतं. अपघात, आग, मारझोड, मृत्यू, मुलांनी जे बघू नये ते बघितलेली मुलं तिथे यायची. दोन खोल्या, जमिनीवर सतरंजी, रंगांचे डबे आणि एकच ताई. ताईंनी पहिल्याच दिवशी मावशीला आणि तिच्या नवऱ्याला समजावलं होतं की या मुलीला खोटी वेळ सांगू नका. जमेल तीच सांगा आणि सांगितली की पाळा. सल्ला सोन्यासारखा होता. पण सोनंसुद्धा या दोघांनी जरा जास्तच तापवलं.

झालं असं की पहिल्याच आठवड्यात एकदा मावशी सांगितलेल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी घरी आली. बेल वाजल्याबरोबर आत काहीतरी फुटलं. ठमीच्या हातातून पेला पडला होता आणि ती पांढरीफटक पडून भिंतीला टेकली होती. मावशीने त्यावरून धडा घेतला: उशिरा यायचं नाही आणि लवकरही यायचं नाही. मावशी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. तिथे केसाएवढी चूक झाली तरी गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं, तेव्हा काटेकोरपणा अंगात मुरलेलाच. ठमीला ती साडेसहाची वेळ द्यायची, हाताशी थोडा वेळ असावा म्हणून. सहाला सुटून सहा वीसला जिन्यात पोचायची आणि मग घड्याळात बघत तिथेच पायरीवर बसायची. तिचा नवरा, ज्याला ठमी काका म्हणायची, लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. त्याच्या कामाचा काही भरवसा नसे, म्हणून तो सात सांगायचा आणि पावणेसातला येऊन त्याच पायरीवर टेकायचा. एखाद्या दिवशी दोघांनीही सातचीच वेळ दिलेली असली की दोघं शेजारी शेजारी, डबे मांडीवर घेऊन, स्वतःच्या घराबाहेर बसलेली. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी एकदा हळूच विचारलं होतं की घरात काही भांडण वगैरे झालंय का.

आत तोवर ठमीजवळ शेजारच्या निवृत्त शिक्षिका बसायच्या, म्हणजे आरामखुर्चीत डुलक्या घ्यायच्या. साडेसहाच्या ठोक्याला मावशी बेल वाजवायची आणि ठमी दार उघडायची. रोज. सात महिने. ठमी पुन्हा कधी पांढरी पडली नाही, तेव्हा आपलं बरोबर चाललंय, अशी दोघांची खात्री होती.

केंद्रात मुलांची रीघ लागलेली आणि ताई एकट्या. नाव नोंदवून आपल्या पाळीची वाट बघणारी मुलं बाहेरच्या बाकावर बसलेली ठमी दर वेळी बघायची. दुसऱ्या ताई नेमता याव्यात म्हणून केंद्राने ही पाच किलोमीटरची शर्यत ठेवली होती. पळणाऱ्याने आपल्या ओळखीच्यांकडून शब्द घ्यायचा: मी शर्यत पुरी केली तर तुम्ही केंद्राला देणगी द्या. मावशीने आयुष्यात बसच्या मागेसुद्धा पळून पाहिलं नव्हतं, पण तिने दुकानात येणाऱ्या एकेका गिऱ्हाइकाला गाठलं. मालक मोठा हिशेबी. म्हणाला, सगळ्यांचे मिळून होतील तेवढे मी एकटा देतो, पण पुरी केल्याचा कागद दाखवायचा. अर्ध्यातून परत आलीस तर चहा पाजीन. कागद मिळायचा तो बुटाला बांधलेल्या चकतीवरून. सुरुवातीच्या पट्टीवरून गेल्याची आणि शेवटच्या पट्टीवरून गेल्याची नोंद तिच्यात व्हायची. निशाण हललं की दहा मिनिटांत सुरुवातीचं फाटक बंद.

दोन महिने मावशी पहाटे उठून पळाली. दोन किलोमीटरला तिला अठरा मिनिटं लागायची, त्याच्या वर एक सेकंद नाही की खाली नाही. पत्रकात लिहिलं होतं, सुरुवात ठीक सात वाजता. सात अधिक अठरा, वर दोन मिनिटं हाताशी. तिने ठमीला सांगून टाकलं, सात वीस. घरात एवढं मिनिटामिनिटाने जगणाऱ्या बाईला एवढंही सुचू नये की प्रमुख पाहुणे नावाची जात घड्याळ बघून जन्माला येत नाही.

सात वाजून एक मिनिट. मावशीने शेजारच्या मुलीचा फोन मागून घेतला आणि ठमीजवळ थांबलेल्या नवऱ्याला लावला. रिंग वाजत राहिली. वाजणारच, कारण त्याच्या फोनचा आवाज कायम बंद असायचा. त्या तीन तासांत दुकानातला फोन सारखा खणाणत होता आणि तेव्हापासून फोन खणाणला की ठमी दचकायची, म्हणून त्या घरात कुठलाच फोन वाजत नसे. तिने पुन्हा लावला. पुन्हा नाही. आणि त्याने उचलला असता तरी तो पोरीला काय सांगणार होता? मावशी येतेय, जरा उशीर होईल? हे वाक्य कानावर पडलं तर ठमीचं काय होईल, याचा विचारसुद्धा मावशीला करवेना. 

माइकवरच्या माणसाने चौथ्यांदा पाच मिनिटं मागितली. मावशी खाली वाकली आणि दोरीखालून बाहेर पडली.

दोरीवरच्या स्वयंसेवकाने हटकलं. फाटक बंद झाल्यावर आत घेणार नाही हं, म्हणाला. मावशीने मान हलवली. तेव्हा सात वाजून तीन मिनिटं झाली होती. नेहमीच्या चालीने पळाली असती तर सात एकवीसला पोचली असती. एक मिनिट उशीर. तिने त्या एका मिनिटासाठी जिवाच्या आकांताने धाव घेतली.

शर्यत सुटलेली नसल्यामुळे रस्ता अजून मोकळा केलेला नव्हता. दुधाच्या गाड्या होत्या, सायकली होत्या, एक बस तर तिच्या कानाशी किंचाळून गेली. छातीवर क्रमांक लावलेली एकटी बाई पळत येताना बघून दुकानं उघडणाऱ्या लोकांना वाटलं की हीच पहिली. एका म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या. शाब्बास, सगळ्यांना मागे टाकलंस पोरी, असं म्हणाला. मावशीला हसायला यावं असा प्रसंग होता, पण हसायला श्वास लागतो. चौकात वाहतूक पोलिसाने हात आडवा केला तेव्हा ती जागच्या जागी नाचत राहिली आणि सिग्नलच्या लाल आकड्यांकडे बघत राहिली. बत्तीस, एकतीस, तीस. रस्ता ओलांडणाऱ्या बायांचं काय होतं ते तिच्या बहिणीने दाखवून ठेवलं होतं, म्हणून ती थांबली. नाहीतर थांबली नसती.

तिच्या डोक्यात एकच चित्र होतं. सात वीस होतात. सात एकवीस होतात. पोर रडत नाही. काकांच्या हाताला धरते आणि म्हणते, चला घरी, ती येणार नाही. शांतपणे म्हणते, जसं ताट उचलून ठेवते तसं. मावशीला रडणाऱ्या मुलीची भीती वाटत नव्हती, या शांत मुलीची वाटत होती.

स्टेशनरीच्या दुकानाच्या अलीकडचा कोपरा आला तेव्हा बरगडीत कळ भरली होती. तिने मनगट वर केलं. सात पंधरा. तिने पुन्हा बघितलं. भीतीने माणूस काय पळतो, अठरा मिनिटांचा रस्ता तिने बारा मिनिटांत कापला होता. म्हणजे पाच मिनिटं लवकर.

आणि मग मावशीने तेच केलं जे ती रोज करत होती. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचं शटर बंद होतं, त्याच्या आडोशाला ती उभी राहिली. सात वीसला बाहेर पडायचं, अगदी ठरल्याप्रमाणे. देवच पावला, असं वाटून तिने गुडघ्यांवर हात टेकले, श्वास घेतला आणि सहज डोकं पुढे काढून बघितलं.

ठमी फुटपाथच्या अगदी कडेला उभी होती. पाय जुळवलेले. डाव्या हातावरचं घड्याळ तिने उजव्या हाताने गच्च धरलं होतं, पळून जाईल की काय असं. ओठ हलत होते. ती मोजत होती. काका शेजारी केळं सोलून तिच्यापुढे धरून काहीतरी गमतीचं सांगत होते, पण केळं तिला दिसत नव्हतं आणि काका ऐकू येत नव्हते. वळणावरून कुणीही आलं, दूधवाला, फिरायला निघालेलं जोडपं, की ती मान झटकन वर करायची आणि पुन्हा खाली घालायची. मधूनच घड्याळावरचा हात सोडून तळवा फ्रॉकला पुसायची. फ्रॉकची ती बाजू घामाने ओली झाली होती. सकाळच्या गार हवेत.

मावशी बघतच राहिली. जिन्यात बसायची तेव्हा मध्ये दार असायचं. दारापलीकडे पोर आरामात चित्र काढत असेल, वेळ झाली की उठत असेल, असं तिने धरून ठेवलं होतं. आपण काटेकोर आहोत म्हणून ती निश्चिंत आहे, असं वाटायचं. ही मुलगी निश्चिंत नव्हती. ही रोज परीक्षेला बसत होती. रोज संध्याकाळी शेवटच्या दहा मिनिटांत जणू तिची आई येणार की नाही हे नव्याने ठरायचं, आणि ती दहा मिनिटं मावशी बाहेर पायरीवर बसून मोजून काढत होती.

सात सतरा. तिने शटर सोडलं आणि चालत पुढे गेली.

काकांनी तिला आधी बघितलं आणि गोंधळून स्वतःच्या घड्याळाकडे पाहिलं. ठमीची मान वर आली. ती पांढरी पडली नाही, पण हललीही नाही.

"सात सतरा झालेत," ती म्हणाली. "अजून तीन मिनिटं आहेत."

"माहीत आहे मला."

"मग कशी आलीस?"

मावशीला सांगण्यासारखी चार कारणं सुचली आणि चारही खोटी होती. "तिथे कोपऱ्यावर उभी होते," ती म्हणाली. "वीसला यायचं म्हणून. पण तू दिसत होतीस. मला थांबवेना."

ठमी बुटांकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "जिन्यात पण थांबतेस ना."

काका हातातल्या केळ्याकडे बघू लागले. तुला कोणी सांगितलं, असं मावशीने विचारलं.

"ऐकू येतं. तुझ्या चपलांचा आवाज येतो आणि मग बंद होतो. काका खोकतात. मी दाराशीच असते."

"मग दार का नाही उघडायचीस, बाळा?"

"वेळ झालेली नसायची ना," ठमी म्हणाली. "मला वाटायचं, तुम्हाला आधी आत यायला आवडत नाही."

मावशी तिथेच फुटपाथच्या कडेला बसली.  सात महिने एका दाराच्या दोन्ही बाजूंना तीन माणसं श्वास रोखून उभी होती, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून. एवढ्या शहाण्या माणसांचं घर, आणि कडी काढायची अक्कल एकालाही नाही. तिने ठमीचा ओला तळवा आपल्या गालावर धरला आणि मोठ्याने सांगितलं की तिला आधी आत यायला आवडतं, फार आवडतं, तिला दुकानातून निघाल्या क्षणी घरी पोचावंसं वाटतं. पेला फुटला तेव्हा ती घाबरली होती आणि चुकीचं काहीतरी शिकली. ठमीने ऐकून घेतलं. तिने हात काढून घेतला नाही.

पाण्याच्या टेबलावर बसलेल्या स्वयंसेवकाचा वायरलेस खरखरला. काकांनी जाऊन चौकशी केली. पाहुण्यांचा अजून पत्ता नव्हता. कधी सुटेल शर्यत, असं विचारलं तर तो खांदे उडवून म्हणाला की दहा मिनिटांत सुटेल नाहीतर तासाभरात, कुणालाच ठाऊक नाही.

मावशी म्हणाली, राहू दे, मी नाही जात, आपण घरी जाऊ. मालकाचा चहा पिऊ. ती खरंच तसं करणार होती.

"बाकावरच्या मुलांचं काय मग?" ठमीने विचारलं. "ताई एकट्याच आहेत."

 परत सुरुवातीपर्यंत दोन किलोमीटर, आणि मग पहिल्यापासून पाच. पायांनी आत्ताच संप पुकारला होता. पण ती उठली. आणि उठल्याबरोबर तिला कळलं की आता तो प्रश्न येणार, आणि या वेळी तिच्याकडे आकडा नाही. सात महिन्यांत ती आकडा दिल्याशिवाय दारातून हलली नव्हती.

"किती वाजता येणार?" ठमीने विचारलं. हात पुन्हा घड्याळावर गेला होता.

 वीस-पंचवीस मिनिटांचा काहीतरी अंदाज ठोकून द्यावा, असा मोह झाला. तिने तो गिळला.

"माहीत नाही," ती म्हणाली. "पाहुणे कधी येतात त्यावर आहे. फार उशीर होईल, नाहीतर लवकर येईन. मला खरंच सांगता येत नाही, ठमे. पण इथूनच जाणार आहे."

ठमीने घड्याळाकडे पाहिलं.  काका केळं हातात धरून जागच्या जागी थिजले होते. एक कुत्रं रस्ता ओलांडून गेलं.

"कोपऱ्यावर थांबायचं नाही," ती शेवटी म्हणाली.

"नाही थांबणार."

"आलीस की सरळ यायचं."

"सरळ येईन."

"बरं," ठमी म्हणाली, आणि घड्याळावरचा हात सोडून तिने काकांच्या हातातलं केळं घेतलं.

मावशी निघाली. पहिली शंभर पावलं ती मागे न बघता पळाली, कारण पाठीवर ती नजर असणार आणि ती बघवणार नाही, हे तिला ठाऊक होतं. औषधाच्या दुकानापाशी मात्र राहवेना. निदान हात तरी हलवावा म्हणून ती वळली. हात वर झाला आणि तसाच राहिला.

ठमीने रस्त्याकडे पाठ केली होती. ती केळं खात खात, वाकून, स्टेशनरीच्या बंद दुकानाच्या काचेतून आत काय मांडलंय ते बघत होती आणि काकांना बोट करून काहीतरी दाखवत होती. मावशी तिथे बराच वेळ उभी राहिली, पण पोरीने एकदाही वळून पाहिलं नाही. त्याचा मावशीला इतका आनंद झाला की परतीचा निम्मा रस्ता ती रडत रडतच पळाली.